केबिनखालचे रबर

मोटारगाडीविषयी लिहायचे तर आपल्याकडे सहसा तिच्या इंजिनाविषयी लिहिले जाते, तिच्या किमतीविषयी लिहिले जाते, आणि अपघात घडला की तिच्या चालकाविषयी लिहिले जाते. गाडीच्या पोटाखाली, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी, बोटभर जाडीच्या रबराच्या काही चकत्या वरचा सारा डोलारा तोलून धरीत असतात. त्यांच्याविषयी वृत्तपत्राच्या या पानावर कोणी चार ओळी खर्ची घातल्याचे आमच्या स्मरणात नाही. आम्हीही घातल्या नसत्या. परंतु गेल्या उन्हाळ्यात हैदराबादेस एका स्नेह्याच्या घरी मुक्काम पडला, आणि तिथल्या अंगणात दोन रविवार जे काम आम्ही खुर्ची टाकून पाहिले, त्याने आमच्या डोक्यात जे घर केले ते अद्याप सुटलेले नाही.

काचिगुडा हा हैदराबादचा जुना भाग. मराठी कुटुंबांची तिथली वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा नांदेड, परभणी, बीडकडच्या माणसाला शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबादची वाट पुण्यामुंबईच्या वाटेहून जवळची होती. विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभारलेली शिक्षणसंस्था त्या शहरात १९०७ पासून उभी आहे, ती त्याच ओघातून. आमच्या स्नेह्यांचे आजोबा असेच नांदेडकडून आले. घरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दक्खनी अशा तीन भाषा हे कुटुंब एकाच दिवसात बोलते. मुंजी, लग्ने, सत्यनारायण यांच्या पंगतींचे कंत्राट घेणे हा त्यांचा व्यवसाय. आणि त्या व्यवसायाचा सगळा भार एका दहा वर्षांच्या पिकअप गाडीवर. पातेली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, ताटांचे गठ्ठे या गाडीत चढतात, उतरतात. गाडी उभी राहिली की घरचे चूल पेटणे अवघड.

या गाडीला तीन महिन्यांपासून एक दुखणे जडले होते. गतिरोधकावरून गेली की केबिनखालून 'ठक्' असा आवाज येई. डावीकडचा दरवाजा उचलून लावल्याखेरीज लागत नसे. केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधली फट वर रुंद, खाली अरुंद दिसू लागली होती. प्रथम शॉकअब्झॉर्बर बदलून झाले. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. मग एका मोठ्या वर्कशॉपात दाखवले. तिथे सांगण्यात आले की केबिन उतरवावी लागेल, गाडी चार दिवस ठेवावी लागेल, आणि खर्चाचा आकडा असा की ऐकून गृहस्थ मुकाट्याने गाडी घेऊन परत आले. लग्नसराईतले चार दिवस म्हणजे काय, हे पंगतीचा धंदा करणाऱ्यालाच ठाऊक. "पैशाचं सोडा साहेब," ते आम्हांला म्हणाले, "पण चार दिवस गाडी नसली तर दोन लग्नं हातची जातात, आणि त्या घरची पुढची मुंजही दुसऱ्याकडं जाते."

मूळ रोग होता तो रबराचा. पिकअप, ट्रक, जीप या जातीच्या गाड्यांची रचना लहान मोटारींहून निराळी असते. लहान मोटारीत बहुधा पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो. पिकअपमध्ये मात्र खाली शिडीच्या आकाराची पोलादी चासी असते. इंजिन, धुरे, चाके सगळी तिला जोडलेली. केबिन ही तिच्यावर ठेवलेली निराळी वस्तू. पोलादावर पोलाद थेट ठेवले तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा चालकाच्या मणक्यात उतरेल आणि पत्र्याचे सांधे वर्षभरात चिरतील. म्हणून दोहोंच्या मध्ये ठिकठिकाणी रबराच्या गाद्या घालतात. या गाडीला त्या सहा ठिकाणी होत्या. प्रत्येक ठिकाणी एक रबर चासीच्या पट्टीच्या वर, एक खाली, मधून पोलादाची एक नळी आणि त्या नळीतून जाणारा लांब बोल्ट. चासी ओझ्याखाली पिळवटते, कारण तिला पिळवटणे भागच असते. त्या पिळाचा केबिनला उपद्रव होऊ नये, एवढेच या गाद्यांचे काम. रबराच्या अंगी हा गुण आहे हे मोटारधंद्याला फार लवकर उमगले. अमेरिकेत १९३१ साली प्लिमथ गाडीचे इंजिन रबरावर टेकवून क्रायस्लर कंपनीने त्याची केवढी तरी जाहिरात केली होती.

पण रबर हा पदार्थ अमर नाही. झाडाचा चीक मुळात उन्हाने पाघळणारा आणि थंडीने ठिसूळ होणारा. गंधक घालून तापवल्यावर तो टिकाऊ होतो, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडले, आणि तेव्हापासून जगाची चाके फिरू लागली. तरी उष्णता, हवेतला ओझोन वायू आणि तेल हे तिघे त्याचे वैरी उरलेच. उन्हाने ते कडक होते, ओझोनने त्याला बारीक चिरा पडतात, आणि इंजिनातून झिरपणारे तेल लागले की नैसर्गिक रबर फुगून लिबलिबीत होते. शिवाय वर्षानुवर्षे एकाच ओझ्याखाली दबलेले रबर दबलेलेच राहते, उसळी विसरते. आमच्या समोर त्या अंगणात निघालेली जुनी रबरे पाहिली तेव्हा हे सगळे रोग एकाच ताटात वाढल्यासारखे दिसले. उजवीकडचे दोन दगडासारखे कडक, मागचे चिरलेले, आणि डावीकडचे पुढचे तर चेपून चेपून भाकरीएवढे पातळ झालेले. केबिन त्याच बाजूला का कलली होती, ते निराळे सांगायला नको.

बॉडी आणि चासी यांचे हे नाते हैदराबादला नवे नाही. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक सुरू केली. पुढे १९४२ मध्ये संस्थानी सरकार आणि अल्लाउद्दीन कंपनी यांच्या भागीदारीतून हैदराबाद ऑल्विन हा कारखाना निघाला, आणि इंग्लंडाहून आलेल्या आल्बियन चासींवर तिथे बसगाड्यांच्या बॉड्या चढू लागल्या. विलायतेतून नुसती चासी यायची आणि वरचे घर इथल्या लोहारसुतारांनी बांधायचे, अशी ती पद्धत. त्याच ऑल्विनने १९८०च्या दशकात जपानच्या निस्सान कंपनीशी हातमिळवणी करून झहीराबादेस हलक्या मालगाड्यांचा कारखाना काढला. डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा ही त्याच काळातली त्याची भावंडे. झहीराबादचा तो कारखाना पुढे महिंद्रांकडे गेला. ऑल्विनचे नाव आता जुन्या कपाटांवर आणि फ्रिजवर तेवढे सापडते. तथापि कारखाना बंद पडला म्हणून त्यातले हात बंद पडत नाहीत. ते गल्लीबोळांत जाऊन बसतात, आणि तिथे त्यांना 'उस्ताद' म्हणतात.

असे एक वृद्ध उस्ताद शेजारच्या गल्लीत राहत होते. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे गाडीखाली जाणे त्यांनी सोडले होते. परंतु आमच्या स्नेह्यांनी स्वतःच हे काम करण्याचा घाट घातला तेव्हा चाचा काठी टेकत आले आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की सहाही बोल्ट एकदम कधीच काढायचे नाहीत. एका बाजूचे तीन काढायचे, दुसऱ्या बाजूचे तीन नुसते सैल करून सोडायचे. म्हणजे केबिन बिजागरीवर फिरल्यासारखी एका अंगाने उचलली जाते आणि जागेवरून सरकत नाही. "जल्दी नक्को करो बेटा," हे त्यांचे पालुपद. ते त्यांनी दोन रविवारांत निदान पन्नास वेळा उच्चारले असेल.

पहिला रविवार तयारीतच गेला, आणि आमच्या मते कामाचा खरा भाग तोच होता. गाडी सपाट जागी घेतली, चाकांखाली दगड लावले, बॅटरीची ऋण तार सोडवली. केबिन इंचभर जरी वर जायची म्हटली, तरी तिच्यातून खाली जाणाऱ्या किती गोष्टी ताणल्या जातील याची एक यादी चाचांनी तोंडी सांगितली आणि स्नेह्यांच्या दहावीतल्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची तार, इंजिनाकडून येणारे वायरींचे जुडगे, रेडिएटरच्या पाण्याचे पाइप, आणि पंख्याभोवतीचे कडे. यातले काय सोडवावे लागते आणि काय ढिले असते हे गाडीगणिक वेगळे. न पाहता उचलले तर रबराच्या चार पैशांसाठी ब्रेकची नळी तुटायची. मग प्रत्येक बोल्टाच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडले आणि ते आठवडाभर मुरू दिले. मधल्या दिवसांत जुन्या रबरांपैकी सहज निघालेले एक खिशात घालून स्नेही राणीगंजच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. तो बाजार पाहण्याजोगा आहे. दुकानदाराने गाडीचे नाव आणि साल विचारले, नमुना हातात घेऊन उंची मोजली, भोकाचा व्यास मोजला, आणि मगच नवा संच काढला. शेजारच्या दुकानात तोच संच निम्म्या भावात होता. तो अंगठ्याने दाबला तर दबत नव्हता, आणि त्यातल्या पोलादी नळ्या आखूड होत्या.

या नळीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण रस्त्याकडेच्या कामात बहुतेक घोटाळे तिच्यापाशीच होतात. बोल्ट आवळला की तो रबराला नव्हे, या नळीला जाऊन भिडतो; रबर किती दबावे हे नळीची लांबी ठरवते. जुनी नळी गंजून फुटली म्हणून फेकून दिली आणि नुसते रबर घालून बोल्ट आवळला, तर ते पार चेंगरते आणि वर्ष सहा महिन्यांत पुन्हा 'ठक्' सुरू होते. आमच्याकडे किनाऱ्यावर खाणींचे टाकाऊ कन्व्हेअर पट्टे कापून, किंवा जुन्या टायरचे तुकडे करून, अशा गाद्या घालण्याची रीत आम्ही पाहिली आहे. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणण्याची आमची इच्छा नाही. अडल्या वेळी गाडी घरी आणण्यापुरता तो उपाय ठीक. परंतु टायरच्या आत धाग्यांचे थर असतात, ते दबत नाहीत आणि एकसारखे झिजतही नाहीत. अशा तुकड्यांवर केबिन वाकडी बसते आणि स्टिअरिंगचा दांडा नको तिथे घासतो.

दुसऱ्या रविवारी पहाटे, ऊन चढण्याआधी, काम सुरू झाले. चासीखाली लोखंडी घोड्या लावून झाल्या. केबिनखाली जॅक लावताना मध्ये जाड फळी घातली, नाहीतर जॅकचे डोके तळाच्या पत्र्यात घुसते. उजवी बाजू दोन तासांत झाली. रबराची जागा घासून गंज काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, साबणाचे पाणी लावून नवे रबर बसवले. ग्रीस लावायला निघालेल्या भाच्याच्या हातावर चाचांनी काठी टेकवली, कारण तेल आणि रबर यांचे वैर ते जाणून होते. एवढ्या वेळात एकच गोष्ट आम्हांला अस्वस्थ करीत होती. वर उचललेली केबिन आणि खालची चासी यांच्यामधली ती दीड इंचाची फट. तिच्यात बोट घालून रबर नीट बसले की नाही हे चाचपण्याचा मोह काम करणाऱ्याला पदोपदी होतो. जॅक घसरला तर ते बोट राहत नाही. चाचांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कुठे गेली हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पण रबर सरकवायला त्यांनी लाकडी पट्टी दिली ती त्या अर्ध्या करंगळीच्याच हाताने.

डावीकडे मात्र पुढचा बोल्ट अडला. फिरे, पण निघेना. त्याचा नट केबिनच्या तळाशी पत्र्याच्या पेटीत आतून जोडलेला होता, आणि तो जोड सुटल्यामुळे नट बोल्टाबरोबरच गरगरत होता. इथे आमच्या स्नेह्यांचा संयम सुटू लागला. गॅसच्या ज्योतीने तापवून काढू, असे ते म्हणाले. चाचा उठून उभे राहिले. डिझेलची नळी तिथून हातभर अंतरावर होती. "ये काम तुम्हारा नै," एवढेच ते बोलले. केबिन होती तशी घोड्यांवर सोडून दुपारी एका वेल्डरला बोलावण्यात आले; त्याने नळीवर ओले पोते घालून, तळाच्या पत्र्याला लहानशी खिडकी कापून नट धरला, बोल्ट काढला आणि नवा नट जोडून दिला. अर्धा तास, आणि ठरलेली मजुरी. घरी करायचे काम कुठे संपते आणि कसबी माणसाचे काम कुठे सुरू होते, ही सीमारेषा पुस्तकात आखून दाखवता येत नाही. ती दाखवायला शेजारी चाचा असावे लागतात.

आणि इथेच आमच्या मनातला मुख्य प्रश्न उभा राहतो. ज्याला चाचा नाहीत त्याने काय करायचे? गाडी विकत घेताना जी पुस्तिका हाती पडते तिच्यात दिवे कसे लावावेत, हवा किती भरावी हे असते. केबिनचा बोल्ट किती जोराने आवळावा, उचलण्याआधी काय सोडवावे, हे सांगणारे दुरुस्तीचे पुस्तक वेगळे, आणि ते सामान्य ग्राहकाच्या हाती सहसा पडत नाही. मराठीत तर नाहीच. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या, हेही नमूद केले पाहिजे. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर एक समिती नेमली, तिने पाहायच्या क्षेत्रांत मोटारवाहने आणि शेतीची अवजारे होती. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, कंपन्यांची माहिती एके ठिकाणी देणारी शासकीय व्यवस्थाही सुरू झाली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारमालकांचा हा हक्क २०१२ मध्येच मतदारांनी कौल देऊन मान्य करून घेतला होता. आपल्याकडे विचार सुरू झाला आहे एवढे खरे. तो पिकअपवाल्याच्या अंगणापर्यंत पोचलेला नाही.

काहीजण यावर म्हणतील की घरोघरी गाड्या उचलू लागले तर अपघात होतील, आणि कायद्याचीही अडचण येईल. पहिला आक्षेप आम्ही मानतो. म्हणूनच वर करंगळीची हकीगत लिहिली. दुसऱ्यात गफलत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमाने मना केलेला आहे तो गाडीच्या मूळ रचनेतला बदल. केबिनखाली उंच ठोकळे घालून गाडी ताडमाड करण्याची जी हौस काही तरुणांना असते, तिने वळणावर गाडीचा तोल जातो, आणि तो बदलच होय. झिजलेल्या रबराच्या जागी तसेच रबर बसवणे ही दुरुस्ती. होडीचा मालक पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर पालथी घालतो, फटी बुजवतो, काजूच्या टरफलाचे तेल चोपडतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर तीच होडी दर्यात लोटतो. त्याला कोणी परवाना विचारीत नाही. गाडीवर पोट असलेल्या माणसाला त्याच्या गाडीविषयी तेवढे ज्ञान असू नये काय?

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची यंत्रशाळा रविवारी कुलुपात असते. महिन्यातून एक रविवार ती पिकअप आणि टेम्पोच्या मालकांसाठी उघडी ठेवावी. भक्कम घोड्या, बोल्ट मोजून आवळण्याचा पाना आणि देखरेखीला एक निदेशक एवढे पुरे. गाडी विकणाऱ्या कंपनीने केबिनच्या रबरासारख्या झिजणाऱ्या भागांची माहिती राज्याच्या भाषेत छापून द्यावी, आणि नळी, वायसर, बोल्ट सुटे विकावेत. सरकारने ही अट घालायला मोठा खर्च येत नाही.

किनाऱ्यावरच्या वाचकांना हे हैदराबादचे दुखणे दूरचे वाटू नये. तिथे कोरड्या उन्हाने रबर मरते. इथे खाऱ्या हवेने बोल्ट मरतो. मासळीची खोकी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी रात्रभर चासीवर ठिबकत असते. ज्या पत्र्याच्या पेटीत तो नट बसतो ती पेटीच आमच्याकडे आधी कुजते, आणि कुजलेल्या पत्र्यावर नवे रबर घालणे म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला रंग देणे. आमच्या इथल्या मालकांनी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, चासी गोड्या पाण्याने खालून धुवावी, आणि हातोडीच्या दांड्याने त्या सहा जागा ठोकून पाहाव्यात. भरीव आवाज आला तर बरे.

त्या रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास सहावा बोल्ट आवळून झाला. मुलीने वहीतली यादी मोठ्याने वाचली, आणि सोडवलेली प्रत्येक गोष्ट जोडली की नाही यावर खूण केली. हँडब्रेकच्या तारेचा एक चिमटा राहिला होता, तो त्यामुळे सापडला. दरवाजा एका बोटाने लागला. मग गाडी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून तीनदा नेण्यात आली, आणि चाचा रस्त्याच्या कडेला कान देऊन उभे राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान हलवली. आठ दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून पाहायचे, असे बजावून ते निघाले. जाताना चेपलेले ते भाकरीसारखे रबर त्यांनी खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही जागे झालो तो पातेल्यांच्या आवाजाने. गाडी भरली जात होती, मुंज नारायणगुड्याला होती.